गाण्यातल्या बांगड्या

आमच्या घरच्या सहा गोधड्या एका इंग्रजी गाण्यात आहेत. ऐकू येत नाहीत, पण आहेत. गाणं अडीच मिनिटांचं, साठच्या दशकाच्या अखेरचं, सिकंदराबादच्या चार पोरांनी वाजवलेलं आणि माझ्या काकानं रेकॉर्ड केलेलं. आता ते जगभर ऐकतात म्हणे. ऐकोत बापडे. पण त्या रेकॉर्डवर काकाचं नाव नाही आणि आता कधी येणारही नाही. ते यावं म्हणून मी जे काही करून बसले, ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही. या लिहिण्यात मी कुणाचीच नावं घालत नाही. ज्याचं घालायचं होतं त्याचंच लागलं नाही, मग बाकीच्यांची कशाला मिरवायची.

काका म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. आमचं घराणं हैदराबादचं, तीन पिढ्या सरकारी नोकरीत मुरलेलं. पुण्या-मुंबईचे पाहुणे आमचं मराठी ऐकून हसतात, आम्ही त्यांचं ऐकून हसतो, फिट्टमफाट. बाबा कोर्टाच्या कचेरीत होते, काका सिकंदराबादला रेल्वेच्या ऑफिसात कारकून. लग्न केलं नाही, विद्यानगरला आमच्यातच राहायचा. त्याला गाता येत नव्हतं, वाजवता येत नव्हतं, नाचाच्या नावानं तर बोंबच. त्याला ऐकता यायचं. आई पोळ्या लाटत असली की तो बाहेरच्या खोलीतून सांगायचा, "वहिनी, पोळपाटाचा एक पाय झिजलाय." बघितलं की झिजलेला असायचाच.

ऑफिसातली अँग्लो-इंडियन मंडळी त्याला शनिवारी रेल्वेच्या हॉलमध्ये नाच बघायला न्यायची. तिथं चार पोरं गिटार आणि ड्रम वाजवायची, सगळी रेल्वेवाल्यांचीच. काका कोपऱ्यात हाताची घडी घालून ऐकायचा आणि घरी येऊन आईला सांगायचा की पोरांत जीव आहे, पण घाई फार करतात. आईला त्यातलं काय कळणार? ती म्हणायची, "घाई करणारच, वय आहे त्यांचं. तुम्ही आधी जेवून घ्या."

सिकंदराबादला वाद्यांचं एक दुकान होतं. मालकानं हौसेनं टेपचं मोठं मशीन आणून ठेवलं होतं, पण ते चालवायचं कसं हे त्याला ठाऊक नव्हतं. काकानं ते एकदा दुरुस्त करून दिलं आणि तेव्हापासून रविवारी, दुकान बंद असताना, मागची खोली काकाची झाली. खोली सिमेंटची. एक शब्द बोललं की चारी भिंतींवरून परत यायचा. काकाला भिंतींवर काहीतरी जाड लटकवायला पाहिजे होतं, आणि आमच्या घरात जाड काय होतं, तर आईच्या हातच्या गोधड्या.

आई म्हणाली, "माझ्या गोधड्या त्या पोरांच्या सिगारेटींत? नक्को."

काकानं दोन दिवस भुणभुण लावली. शेवटी आई म्हणाली की देते, पण मी बरोबर येणार, माझ्या वस्तूंवर नजर ठेवायला. तो चातुर्मास होता आणि आईनं लाख वातींचा नेम धरला होता. चार महिन्यांत देवापुढं लाख वाती वळून लावायच्या म्हणजे दिवसाला आठ-नऊशे. एक दुपार वाया घालवून चालणार नव्हतं, म्हणून ती कापसाची पिशवी आणि ताट घेऊनच निघाली. एका सायकल रिक्षात गोधड्यांचं गाठोडं, दुसरीत आई, कापूस आणि मी, आणि काका सायकलवरून पुढं.

मला खोलीत प्रवेश नव्हता. मला गप्प बसवत नाही, हा दोष तेव्हापासूनचाच आहे. मी दुकानाच्या पायरीवर बिस्किटं खात बसायची. त्यामुळे आत काय घडलं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण आई आणि काका जेवताना ती गोष्ट इतक्यांदा सांगायचे, एकमेकांचं वाक्य तोडून, भांडून, की मला ती अजून तोंडपाठ आहे.

तिसरा रविवार असेल. पोरांनी गाणं वाजवलं, काकानं टेप मागं फिरवून ऐकली, तर गाण्याच्या मागं छन छन. आई कोपऱ्यात लोंबत्या गोधडीखाली बसून वाती वळत होती. त्या वेळी तिच्या दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या आठ-आठ बांगड्या असायच्या.

काका म्हणाला, "वहिनी, तेवढ्या बांगड्या काढून ठेवता का? टेपवर येतायत."

आईनं हात थांबवले. "भाऊजी, तुमचे भाऊ घरी धडधाकट आहेत. आणि मला हात मोकळे करायला सांगता?"

काकानं जीभ चावली. सवाष्णीला आपण काय बोलून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं. "बरं, मग थोडा वेळ बाहेर पायरीवर बसता का?"

"आणि गोधड्या?"

काका परत मशीनमागं जाऊन बसला. चौघं पोरं वाद्यं धरून बघत बसली. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण कोण जिंकलं ते कळलं असावं. काकानं वेळ काढायला म्हणून टेप परत लावली. मग परत लावली. वात वळायची आईची रीत अशी: कापसाचा पुंजका डाव्या तळव्यावर ठेवायचा, उजव्या तळव्यानं दोनदा घासायचा, वात ताटात टाकायची, पुढचा पुंजका उचलायचा. घास, घास, टाक, उचल. चार मोजेपर्यंत एक वात. पहिल्या दोन घासांना बांगड्या वाजायच्या, पुढचे दोन मुके जायचे. ड्रमवाला पोरगा प्रत्येक ओळीच्या शेवटी धावत सुटायचा. आईचे हात धावत नव्हते. तिला कुठली आलीय घाई, लाख वाती पुढं पडल्या होत्या.

काकानं उठून ड्रमवाल्याला सांगितलं, तू माझ्याकडे बघू नको, या बाईंच्या हातांकडे बघ. पोरगा आधी हसला. मग काकानं एक माईक उचलून आईच्या ताटापाशी नेऊन ठेवला, तेव्हा त्याचं हसू बंद झालं. त्या दुपारी जो ताल सापडला तोच पुढं रेकॉर्डवर गेला. दुसरा कुणी असता तर त्यानं आईला कसंही करून खोलीबाहेर काढलं असतं आणि गाणं शंभर गाण्यांसारखं एक झालं असतं.

त्यानंतरच्या रविवारी तो मशीनमागं बसून पोरांकडे बघायचाच नाही. आईच्या हातांकडे बघायचा. हात गाण्याबरोबर चालत राहिले की ठीक, अडखळले की "परत." आईला इंग्रजीचं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणूनच त्याचा तिच्यावर भरवसा. शब्द कळले की माणूस शब्दांना भुलतो, असं तो म्हणायचा. गाण्यात होतं तरी काय? एक पोरगा, एक पोरगी, एक स्टेशन. ती जाते, हा प्लॅटफॉर्मवर उभा राहतो. रेल्वेवाल्यांच्या पोरांना दुसरं काय सुचणार.

गाणं झालं आणि ते मोठ्या शहरातल्या कंपनीकडे पाठवायचं ठरलं. सोबत एक कागद भरून द्यायचा होता. गाणारे कोण, वाजवणारे कोण, आणि रेकॉर्डिंग कुणाच्या देखरेखीखाली झालं. आता त्याला प्रोड्युसर म्हणतात. आमच्या घरात तो शब्द कुणी ऐकलेला नव्हता. काका टेबलाशी बसून कागद भरत होता, मी टीपकागद घेऊन शेजारी उभी होते. बाबा मागून आले, वाचलं आणि चष्मा काढला. चष्मा काढला म्हणजे निकाल लागला, हे आम्हाला माहीत होतं.

"सरकारी नोकरानं दुसरा उद्योग करायचा नाही. उद्या कुणी अर्ज ठोकला तर नोकरी जाईल. नाव नको."

काकानं टाक दौतीत बुडवला. मग "हौ, बरोबर आहे" म्हणाला आणि त्या रिकाम्या जागेवर, आपल्या त्या टपोऱ्या अक्षरात, दुकानाच्या मालकाचं नाव लिहिलं. शाई मी टिपली.

मालक काही वाईट माणूस नव्हता. आपल्या पायानं चालत आलेलं नाव त्यानं ठेवून घेतलं, एवढंच. चूक केली ती आम्ही. खरं तर कुणी अर्ज ठोकणार नव्हतं, कुणाला पडली होती? पण आमच्या घरात सरकारी नोकरी म्हणजे देव्हाऱ्यातला देव. तिला नुसती नजर लागेल या भीतीनं आम्ही जन्मभर दारं-खिडक्या लावून बसलो. बाबांवर मला अजून राग येतो. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला सांगायचं.

रेकॉर्ड बरी चालली. पुढं दुसऱ्या गावांचे बँडवाले त्या दुकानाचा पत्ता विचारत यायला लागले, आम्हाला तसाच आवाज पाहिजे म्हणायला लागले. काकानं आणखी तीन-चार वर्षं रविवारी त्यांची गाणी केली. मुंबईच्या काही वाद्यवृंदांनी तो छन छन आवाज खंजिरीवर काढून बघितला म्हणे, जमला नाही. मग ती हवाच बदलली. पोरं एकेक करून परदेशी गेली, दुकानाच्या मागच्या खोलीत मालाची खोकी आली, आणि गोधड्या घरी परत आल्या. आईनं त्या सोड्यात उकळल्या तरी सिगारेटचा वास गेला नाही. मी दहावीपर्यंत त्यातलीच एक पांघरत होते.

त्या गाण्यांचं लोकांना अजून काय एवढं वाटतं, हे मला बरीच वर्षं कळत नव्हतं. मी शाळेत शिकवत असताना नववी-दहावीच्या मुली कानात वायरी घालून ती ऐकायच्या. त्यांच्या आयासुद्धा तेव्हा जन्मल्या नव्हत्या. मला वाटतं, ती गाणी शहाण्या पाहुण्यासारखी आहेत. येतात, चहा घेतात, दोन शब्द बोलतात आणि आपण बसा म्हणायच्या आत उठतात. आणि त्यांतलं कुणी म्हातारं होत नाही. तो पोरगा अजून प्लॅटफॉर्मवरच उभा आहे, विशीतलाच. आम्ही इकडं गुडघ्यांना तेल चोळतोय.

काका सत्तरीच्या पुढं गेला तेव्हा इंटरनेटवर त्या गाण्याला पुन्हा ऊत आला. एकदा मी त्याला नवीन चष्म्यासाठी मॉलमध्ये नेलं होतं, तर वरून तेच गाणं वाजायला लागलं. काका सरकत्या जिन्यापाशी थांबला. लोक त्याला धक्के देऊन जात होते. पूर्ण ऐकून झाल्यावर म्हणाला, "बांगड्या दाबल्यात यांनी." मी म्हटलं, सांग ना त्या काउंटरवरच्या पोरीला की हे तू केलंयस. तो म्हणाला, "नक्को गं. वेडा म्हणतील."

पण त्याला लागत होतं. कुणीतरी त्या गाण्यावर लांबलचक लेख लिहिला होता, प्रोड्युसरच्या कानाचं कौतुक करणारा, आणि प्रोड्युसर म्हणून अर्थात दुकानाच्या मालकाचं नाव. काकानं माझ्याकडून फोनवरची अक्षरं मोठी करून घेतली, शेवटपर्यंत वाचलं, फोन परत दिला आणि म्हणाला, "चांगलं लिहिलंय." त्या दिवशी तो जेवला नाही. चार वर्षांपूर्वी तो दवाखान्यात शेवटचा पडून होता, तेव्हा मी पाय दाबत असताना एवढंच बोलला, "एकदा छापून आलेलं बघितलं असतं." मी म्हटलं, "येईल. मी बघते." माझ्या तोंडाला कधी कुलूप नसतंच, पण त्या दिवशी असतं तर बरं झालं असतं.

गेल्या वर्षी मला एका मुलीचा फोन आला. पुण्याची, इथं आयटीत नोकरीला, आणि नोकरी सांभाळून दोन-तीन परदेशी पार्टनरबरोबर जुन्या रेकॉर्डी नव्यानं काढायच्या हा तिचा नाद. सिकंदराबादची ती गाणी एकत्र काढतायत, सोबत माहितीची पुस्तिका देणार आहेत. काकाच्या ऑफिसातल्या कुणीतरी तिला माझा नंबर दिला होता. मुलगी गुणी होती. मावशी, मावशी करत तीन तास बसली, मी केलेला उपमा दोनदा घेतला, आणि गोधड्यांची गोष्ट ऐकून इतकी हसली की मला वाटलं, झालं आपलं काम.

मग तिनं फोनवर एक फोटो दाखवला. कंपनीच्या जुन्या कागदांत सापडलेला कागद. मी म्हटलं, "अगं, हे अक्षर काकाचं. हा कागद मी टिपलाय." ती हळूच म्हणाली, "हो, पण मावशी, त्यात लिहिलंय काय?" लिहिलं होतं ते मला माहीतच होतं. काकाच्या अक्षरात काकाविरुद्धचा पुरावा, आणि तिच्याजवळ दुसरा काही नव्हता. त्या चार पोरांतला एकच आता जिवंत आहे, तो ड्रमवाला, ऑस्ट्रेलियात. तिनं त्याला लिहून विचारलं होतं. त्यानं कळवलं की मालक चांगला होता, एक बाई खोलीत बसलेली असायची, आणि एक किडकिडीत क्लार्क होता तो रजया टांगायचा, यापलीकडे त्याला काही आठवत नव्हतं.

हे वाचून दाखवलं तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. रजया टांगणारा क्लार्क. मी त्या मुलीवरच ओरडले, तिचा काय दोष होता. ती बिचारी फोनवर काहीतरी शोधायला लागली. मग म्हणाली की जुन्या टेपवरून त्यांनी आवाज साफ केलाय, आणि मागं एक आवाज फार स्पष्ट आलाय, तो कसला यावर लोक भांडतायत. कुणी घुंगरू म्हणतं, कुणी खंजिरी. तिनं लावला. स्टेशनच्या ओळीमागं माझी आई पस्तीस वर्षांची होऊन वाती वळत होती.

"बांगड्या आहेत त्या," मी म्हटलं. "हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"माझ्या पार्टनर लोकांना आरसाच लागतो, मावशी."

पण तिनंच मग वाट काढली. आजी अजून आहेत ना? अजून वाती वळतात? मग तशाच बांगड्या हातात घालून, त्याच गाण्यावर त्यांचं रेकॉर्डिंग करू. आवाज जुळला तर बांगड्यांची गोष्ट खरी, आणि ती खरी ठरली तर काकांचं नाव छापायला मी त्यांना राजी करते. ऐकू येईल असं काहीतरी द्या, एवढंच त्यांचं म्हणणं आहे.

आईबद्दल आता सांगायला पाहिजे. ती नव्वदीच्या पुढं आहे, माझ्याजवळच असते. डोकं गेलंय, हात शाबूत आहेत. मला कधी मुलगी समजते, कधी शेजारीण. पण पुढ्यात कापूस ठेवला की वाती वळत बसते, देव्हाऱ्याखालचे दोन डबे भरून वाहतायत. बाबांना जाऊन वीस वर्षं झाली. त्या दिवशी आईनं आपल्या हातानं बांगड्या उतरवल्या, तेव्हापासून सोन्याची एकेक आहे, ती काही वाजत नाही. मात्र डोकं गेल्यापासून तिच्या लेखी बाबा रोज कचेरीतून येतात. साडेपाच झाले की विचारते, "हे आले का गं?" सुरुवातीला मी खरं सांगायची. ती प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडायची. मग मी म्हणायला लागले, "येतीलच, ट्रॅफिक आहे." तेवढ्यानं तिचं समाधान व्हायचं. केसांवरून हात फिरवून, पदर नीट करून दाराकडं बघत बसायची. दिव्याची वेळ झाली की विसरायची.

तर माझ्या मनात काय आलं ते सांगते. तिच्या लेखी बाबा आहेतच, मग बांगड्या घालायला तिची हरकत कशाला असेल? उलट आनंदानं घालेल. तिच्या विसरण्याचा असा उपयोग करून घ्यायचं मला सुचलं, आणि ते सुचल्याचा मला अभिमान वाटला. अंबरपेठेत जाऊन हिरव्या काचेच्या दोन डझन बांगड्या आणल्या. बांगडीवालीनं विचारलं, कुणासाठी? आईसाठी म्हटलं. वय? मी सांगितलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बहोत नसीबवाली है तुमारी अम्मा." मी हौ म्हणून निघून आले.

रविवार ठरवला, दुपारची वेळ. सहांतली एक गोधडी माझ्याकडे उरली आहे, तिला ठिगळं लावून लावून मूळ कापड राहिलेलं नाही. मुलीनं ती आईच्या मागं खिडकीला टांगली. पंखा बंद केला. माईक ताटापाशी ठेवला. आई वाती वळत होती, तिला माणसं आल्याचा आनंद झाला होता. मी साबणाचं पाणी घेऊन शेजारी बसले, तिचा डावा हात हातात घेतला आणि पहिली बांगडी बोटांवरून चढवायला लागले.

आईनं हात ओढून घेतला.

"अगं, मला कसल्या घालतेस?"

"घाल ना, आई. काकाचं काम आहे."

"भाऊजींचं असू दे. पण मला चालत नाहीत. हे गेले ना."

ती हे अगदी सरळ म्हणाली, परक्या बाईला सांगावं तसं. सगळं विसरली होती, पण काचेची बांगडी हाताला लागली आणि तेवढं एक वर आलं. मग तिनं आपल्या मनगटाकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे. आवाज बदलला.

"हे गेले ना गं?"

इतकी वर्षं मी रोज संध्याकाळी खोटं बोलत आले होते. त्या वेळी नाही सुचलं. ती मुलगी समोर बसली होती, मशीनचा लाल दिवा लागलेला होता. मी हो म्हटलं.

"कधी?"

"झाली की वीस वर्षं."

ती रडली नाही. मला वाटलं होतं रडेल. तिनं तळवे वर करून मांडीवर ठेवले. मुलगी म्हणाली, "राहू दे, मावशी, मी जाते." तेव्हा तिला जाऊ द्यायचं ना. पण मी निगरगट्ट. मी म्हटलं, आलीयेस तर गाणं लाव.

तिनं गाणं लावलं. पहिल्या ओळीला काही झालं नाही. दुसऱ्या ओळीला आईनं पुंजका उचलला. घास, घास, टाक, उचल. टेपवरची आई आणि समोरची आई यांच्यात केसाचाही फरक नव्हता. गाण्यात एका जागी सगळी वाद्यं थांबतात आणि परत सुरू होतात, त्या जागी आईचे हात थांबले, आणि त्यांच्याबरोबरच सुरू झाले. मी काकासारखी त्या हातांकडेच बघत होते. काका असता तर "ठीक" म्हणाला असता. अडीच मिनिटं झाली. मुलीनं मशीन बंद केलं आणि डोळे पुसले.

"दिसतंय हो, मावशी. पण ऐकू काहीच आलं नाही."

कापसाचा आवाज होत नाही. तिनं फोनवर चित्रही घेतलं होतं, ते पार्टनर लोकांना पाठवलं. त्यांनी कळवलं की फार हृद्य आहे, पण म्हातारी बाई गाण्यावर हात हलवते याचा अर्थ तेव्हा खोलीत बसणारी बाई तीच असा होत नाही, आणि तीच असली तरी प्रोड्युसर कोण हे त्यातून ठरत नाही. बरोबरच आहे त्यांचं. मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. मी स्वतः बांगड्या घालून वळून बघितलं, तर माझी वातही वाकडी आणि तालही वाकडा.

पावसाळ्यानंतर रेकॉर्ड निघाली. मुलगी स्वतः घरी आणून देऊन गेली. पुस्तिका गुळगुळीत कागदाची आहे. प्रोड्युसर म्हणून मालकाचं नाव. त्या छन छन आवाजापुढं लिहिलंय, वाद्य माहीत नाही. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत माझे आभार आहेत, गोधड्यांच्या आठवणींबद्दल. मी ती काकाच्या फोटोपुढं ठेवली नाही. कपाटात बांगड्यांच्या शेजारी ठेवली आहे.

काकाला दिलेला शब्द गेला, ते मी एक वेळ सोसलं असतं. तो बघायला नाही. पण आई रोज माझ्यासमोर आहे. त्या रविवारपासून ती वाती वळत नाही, कापूस ठेवला तर हातानं बाजूला सारते. साडेपाच वाजतात. मी हातातलं काम टाकून तिच्याजवळ येऊन बसते, ट्रॅफिक आहे हे उत्तर तोंडात तयार ठेवून. ती दाराकडं बघत नाही. विचारतही नाही.